कोकणात पहिली मोठी दुर्बीण: आठ इंची की दहा इंची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर; पुढे खळं म्हणजे अंगण, मागे माडा-पोफळींचं आगर. नोकरी संपवून मुंबईहून कायमचे गावी आलात. द्विनेत्रीतून चंद्रावरची विवरं आणि गुरूचे चार चंद्र पाहून झालेत. सत्तर हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. ‘एकदाच घ्यायची तर मोठीच घेऊ’ असं मनात आहे, पण दहा इंची डॉब्सोनियन (म्हणजे दहा इंच व्यासाच्या आरशाची, साध्या फिरत्या पेटीवरची दुर्बीण), आठ इंची डॉब्सोनियन आणि मोटारवाल्या विषुववृत्तीय स्टँडवरची, ताऱ्यांमागे आपोआप फिरणारी सहा इंची या तिघींत निर्णय होत नाहीये. आणि शेवटी जाता जाता विचारलंत, की खाऱ्या हवेत आरसा टिकेल ना?

मी उत्तर या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडायला हवा. इंचांचा हिशेब देशावरचा माणूसही करतो. आपल्याकडे पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश झाकून ठेवतो, परतीचा पाऊस ऑक्टोबरचा बराच भाग खातो, आणि मे महिन्यात हवा इतकी दमट होते की तारे पुसट दिसायला लागतात. खऱ्या कामाचे महिने दिवाळीपासून एप्रिलअखेरपर्यंतचे. म्हणजे वर्षातला निम्मा काळ दुर्बीण नुसती ठेवलेली असणार, तीही अशा हवेत जिथे कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते. तेव्हा दुर्बीण कुठे राहणार आणि तिथून ती खळ्यात किती सहज येणार, या दोन गोष्टींवर तुमचा निर्णय ठरू द्या.

माझं उत्तर: आठ इंची डॉब्सोनियन घ्या. मोटार नको. उरलेले पैसे एका चांगल्या आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) आणि दुर्बिणीच्या निगराणीवर घाला. पण हे उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधी सांगतो. घरात दुर्बीण उचलायला दुसरं कुणी आहे का, पाठ-कंबर कशी आहे, ओटीवरून खळ्यात उतरायला पायऱ्या किती, दक्षिणेकडे झाडं किती उंच आहेत आणि गाडी आहे की नुसती दुचाकी. पायरी एकच असेल, पाठ ठणठणीत असेल आणि गाडी असेल, तर दहा इंचीलाही मी विरोध करणार नाही. पहिल्या मजल्यावर राहत असाल, तर मात्र आठ इंचीसुद्धा विचार करून घ्या.

आठ इंचीची नळी साधारण दहा-अकरा किलोंची, खालची लाकडी बैठकही जवळपास तेवढीच. दोन फेऱ्यांत एकटा माणूस ती बाहेर मांडू शकतो. दहा इंचीचं सगळं मिळून वजन तीस किलोंच्या आसपास जातं, आणि नुसत्या वजनापेक्षा त्रास जाडीचा होतो: नळी कवेत नीट बसत नाही, दारातून नेताना चौकटीला घासते. जेवण झाल्यावर आकाश मोकळं दिसलं, आणि ‘आज नको, कोण उचलणार’ असं एकदा मनात आलं, की हळूहळू दुर्बिणीवर चादर पडते. लोकांकडे पडून राहिलेल्या मोठ्या दुर्बिणी मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक उत्तम स्थितीत होत्या, फक्त बाहेर येत नव्हत्या.

आता प्रकाशाचा हिशेब. आठ इंची आरसा २०३ मिलिमीटरचा, दहा इंची २५४ चा. क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, म्हणून दहा इंची सुमारे दीडपट प्रकाश गोळा करते. ऐकायला हे मोठं वाटतं. ताऱ्यांच्या प्रतीत, म्हणजे तेजाच्या मापात मोजलं तर फरक सुमारे अर्ध्या प्रतीचा. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली सात मिलिमीटर धरली, तर आठ इंची आरसा नुसत्या डोळ्याच्या आठशेपटीहून जास्त प्रकाश आत घेतो. रस्त्यावरचा एक एलईडी दिवा आड करून बसलात किंवा गावातून वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर गेलात, तर अर्ध्या प्रतीपेक्षा जास्त फायदा होतो, आणि तोही फुकट. दुसरं असं, की बाजारातल्या या दोन्ही दुर्बिणींची नाभीय लांबी साधारण १,२०० मिलिमीटरच असते. एफचा आकडा म्हणजे ही लांबी भागिले आरशाचा व्यास; आठ इंची एफ सहाच्या जवळ राहते, दहा इंची एफ पाचच्या खाली जाते. त्यामुळे दहा इंचीत आरशांची जुळणी जास्त काटेकोर लागते, आणि स्वस्त आयपीसमध्ये दृश्याच्या कडेचे तारे शेपटी फुटल्यासारखे दिसतात. आठ इंची नवशिक्याला बरंच सांभाळून घेते.

सहा इंची मोटारवाली वाईट नाही, पण ती आपल्या अक्षांशांसाठी बनवलेली नाही. विषुववृत्तीय स्टँडचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा आकाशात तुमच्या अक्षांशाइतक्याच उंचीवर असतो. गुहागरात ही उंची जेमतेम साडेसतरा अंश आहे. आगराच्या घरातून तो माडांच्या झावळ्यांआड असतो. त्यातून यांतले बरेच स्टँड युरोप-अमेरिकेचे अक्षांश डोळ्यांसमोर ठेवून बनतात. इतका खाली अक्ष झुकवला की काहींत वजनाची दांडी तिपाईच्या पायाला अडते. वर मोटारी, तारा, कनेक्टर आणि खारी हवा हे सगळं एकत्र येतं. फोटो काढायचे असतील तर हा सगळा खटाटोप करावाच लागतो. तुम्ही फोटोंचं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यात आत्ता पडू नका.

डॉब्सोनियन म्हणजे खाली फिरणारी पेटी आणि तिच्यात कलणारी नळी, बस्स. ही रचना लोकप्रिय करणारा जॉन डॉब्सन १९४४ ते १९६७ कॅलिफोर्नियात वेदांत सोसायटीच्या मठांत संन्यासी होता. भंगारातली जाड काच घासून तो आरसे बनवायचा, पुठ्ठ्याच्या नळीत बसवायचा आणि फुटपाथवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना शनी दाखवायचा. कमीत कमी भागांत जास्तीत जास्त आरसा, हा त्याचा विचार कोकणासाठी फार उपयोगाचा आहे, कारण जे भागच नाहीत ते गंजतही नाहीत.

आता हवेबद्दल, जरा सविस्तर. दिवसभर समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री वारा फिरतो आणि जमिनीवरून मतलई वारे सुटतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्याचा उपयोग असा करा: संध्याकाळी खारा वारा चालू असताना नळीचं झाकण उघडू नका. त्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर अतिशय पातळ असतो. त्यावर संरक्षक लेप असला, तरी मीठ आणि ओल एकत्र आली की बारीक टोचे पडायला लागतात. वारा पडू द्या, जेवून घ्या, मग झाकण काढा. मतलई वाऱ्यात मीठ नसतं. पुळणीवर तर दुर्बीण मुळीच मांडू नका. पश्चिमेचं मोकळं क्षितिज बघून मोह होतो, पण तिथे मीठही आहे, वाळूही आहे, आणि समुद्रावरची पहिली दहा-पंधरा अंशांची पट्टी तशीही धुरकटच असते. शुक्र किंवा द्वितीयेची चंद्रकोर बघायला पुळणीवर द्विनेत्री घेऊन जा.

एसीच्या खोलीत दुर्बीण ठेवू नका. कोरडी जागा म्हणून ती सुचते, पण थंड झालेला आरसा दमट हवेत बाहेर आणला की दोन मिनिटांत पूर्ण धुकटतो, आणि हवेच्या तापमानाला येईपर्यंत स्वच्छ होत नाही. थंड प्रदेशातल्या पुस्तकांत ‘दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवून गार होऊ द्या’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे माजघरात ठेवलेली दुर्बीण आणि खळ्यातली हवा यांच्यात फारसा फरक नसतोच, वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. माजघर, नाहीतर आतल्या खोलीचा उंच कोपरा चांगला. पडवी नको, न्हाणीघराला लागून असलेली भिंत तर नकोच.

दव हा आपला खरा शत्रू, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत. तो एका ठरावीक क्रमाने येतो. सर्वांत आधी फाइंडरची (नळीवर नेम धरायला लावलेल्या छोट्या दुर्बिणीची) पुढची काच जाते, कारण ती उघडी आणि आकाशाकडे तोंड करून असते. मग तुमच्या श्वासाने आयपीस. मग नळीच्या तोंडाजवळचा लहान आरसा. मोठा आरसा तळाशी, खोल असल्यामुळे शेवटी. तारे हळूहळू फिकट व्हायला लागले आणि प्रत्येक ताऱ्याभोवती मऊ वलय आलं, तर आकाश बिघडलं असं समजण्याआधी टॉर्चने लहान आरसा बघा. उपाय साधा आहे: सहलीला झोपायला नेतात तसली फोमची चटई घ्या, आतून काळी करा आणि नळीच्या तोंडाभोवती गुंडाळून पुढे फूटभर निघेल अशी बांधा. फाइंडरला तसलीच छोटी टोपी. आयपीस वापरात नसताना खिशात ठेवा, अंगाच्या उबेने तो कोरडा राहतो. आणि दव आलंच, तर कापडाने पुसायचं नाही. कधीच नाही. दवात मिठाचे आणि धुळीचे कण असतात, पुसताना ते थरावर ओरखडे काढतात.

सगळ्यांत महत्त्वाची सवय ही, की ओली दुर्बीण झाकायची नाही. रात्री आत आणली की झाकणं उघडी ठेवा, नळी आडवी करा म्हणजे धूळ आरशावर बसत नाही, आणि पंखा दुसऱ्या बाजूला वळवून चालू ठेवा. सकाळी आरसा कोरडा दिसला की मगच दोन्ही टोकं बंद करा, आत सिलिका जेलची पिशवी सोडून. आयपीस हवाबंद डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसकट. रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी सगळं उघडून बघायचं. बुरशी सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्याच्या एखाद्या धाग्याइतकीच असते. तेव्हाच लक्षात आली तर निभावतं, नाहीतर ती काचेवरचा लेप खाते.

आरसा धुण्याबद्दल बरेच जण घाबरवतात. धुळीने आरशाचं फार बिघडत नाही, म्हणून देशावरचे लोक वर्षानुवर्षं धूत नाहीत, आणि ते बरोबरच करतात. आपल्याकडे मिठाचा प्रश्न आहे. त्यामुळे मी वर्षातून एकदा, मेच्या शेवटी, पाऊस सुरू होण्याआधी धुतो. आरसा त्याच्या चौकटीसकट बाहेर काढायचा, मऊ टॉवेल अंथरलेल्या टबात चौकटीतून सोडवून ठेवायचा, वरून पाणी सोडून सैल धूळ-मीठ वाहून जाऊ द्यायचं. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि पाचेक मिनिटं तसंच बुडवून ठेवायचं. त्यानंतर औषधाच्या दुकानातला निर्जंतुक कापूस भिजवून पाण्याखालीच आरशावरून नुसता ओढत न्यायचा, स्वतःच्या वजनानेच. बोटाचा दाब अजिबात नको, आणि एक बोळा एकदाच वापरायचा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड असलंच पाहिजे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं. विहिरीच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर डाग धरतात. मग आरसा भिंतीला टेकवून जवळजवळ उभा ठेवायचा. राहिलेले दोन-चार थेंब टिश्यूच्या टोकाने टिपून घ्यायचे. अंगठी आणि घड्याळ आधी काढून ठेवा. पुन्हा बसवल्यावर जुळणी करावी लागते, पण आरशाच्या मधोमध कारखान्यातूनच एक खूण केलेली असते. मध्ये भोक असलेली साधी टोपी फोकसरमध्ये (आयपीस बसवायच्या जागी) लावली आणि ती खूण मध्यावर आणली, की बहुतेक काम झालं.

बैठकीकडे लोकांचं लक्षच नसतं. ती बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डाची असते, वरून सनमायका. पृष्ठभाग टिकतात, पण कापलेल्या कडांतून ओल आत शिरते आणि एका पावसाळ्यात बोर्ड फुगतो. स्क्रू सैल होतात, मग दुर्बीण डुगडुगते. खोका उघडलात की जोडणी करण्याआधी सगळ्या उघड्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांना ऑइल पेंटचे दोन हात द्या. शक्य झालं तर लोखंडी स्क्रू बदलून स्टेनलेसचे घाला. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि बैठकीचं आयुष्य कितीतरी वाढतं.

बघायचं कुठून? रोजचं खळ्यातून, आणि अमावास्येच्या आगेमागे महिन्यातून एखाद-दुसऱ्या रात्री वरच्या सड्यावरून. सड्यावर चारी बाजू मोकळ्या, समुद्राचा खारेपणा कमी आणि खालच्या वाडीत साचणारं धुकं तिथपर्यंत फारसं पोहोचत नाही. एक मात्र आहे: कातळ दिवसभर तापलेला असतो आणि सूर्यास्तानंतर बराच वेळ उष्णता सोडत राहतो. त्या थरथरत्या हवेत शनी-गुरू उकळल्यासारखे दिसतात. म्हणून आधी तारकागुच्छ आणि तेजोमेघ बघा, ग्रह मध्यरात्रीनंतर. जमलं तर कातळाऐवजी गवताचा तुकडा निवडा. सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, हे गृहीत धरूनच वावरा: घोट्यापर्यंतचे बूट, खाली बसण्याआधी टॉर्च, आणि कातळाच्या भेगांत हात नको. एकट्याने जाऊ नका. पोलीस पाटलांना आधी कल्पना देऊन ठेवा. किनाऱ्यावरच्या गावात रात्री लाल टॉर्च आणि तोफेसारखी नळी घेऊन कुणी उभं राहिलं, तर चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी.

मार्च-एप्रिलमध्ये भाजावळीचा धूर संध्याकाळी खोऱ्यात साचतो. त्या दिवसांत पहाटेचं आकाश जास्त चांगलं. शिवाय वृश्चिक आणि धनू हा आकाशातला सर्वांत श्रीमंत भाग पावसाळ्याच्या संध्याकाळी दक्षिणेला उंच येतो आणि आपल्याला दिसत नाही. तो गाठायचा तर मार्च-एप्रिलच्या पहाटे चार वाजता उठायचं. ज्येष्ठा आणि मूळ नक्षत्राची शेपटी दक्षिणेला चांगली उंच आलेली असते. नुसती नळी तिथून सावकाश डावीकडे सरकवली, तरी एकामागून एक गुच्छ येत राहतात.

सुरुवात चंद्रापासून करा, पण पौर्णिमेच्या नाही. शुद्ध पंचमी ते दशमी. उजेड-अंधाराच्या रेषेवर डोंगरांच्या सावल्या दिसतात. सोबत मिळणारा २५ मिलिमीटरचा आयपीस ४८ पट मोठं दाखवतो, १० चा १२० पट. खोक्यांवर पाचशे-सहाशे पटींचे आकडे छापतात, ते सोडून द्या. आपल्या हवेत बहुतेक रात्री दीडशे-दोनशेच्या पुढे चित्र फक्त मोठं आणि पुसट होतं. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याला कडेवरून दिसत होती, म्हणून जवळपास दिसेनाशी झाली होती. आता ती दर वर्षी थोडी थोडी उघडत जातील, म्हणजे तुम्ही चांगल्या वेळी सुरुवात करताय.

मग मृग. हरणाच्या पोटातल्या बाणाचे तीन ठळक तारे सापडले, की त्यांच्या दक्षिणेला तीन मंद ठिपक्यांची छोटी रांग दिसते. मधला ठिपका नुसत्या डोळ्यांनाही धुरकट वाटतो. तोच मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर. ४८ पटीला पंख पसरल्यासारखा ढग, १२० पटीला त्याच्या गाभ्यात चार ताऱ्यांचा छोटा चौकोन. रंग दिसणार नाहीत. फोटोतला लाल-गुलाबी रंग कॅमेऱ्याने बराच वेळ प्रकाश साठवल्यामुळे येतो. डोळ्याला राखाडी, फार तर किंचित हिरवट झाक दिसते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पहिल्या रात्री निराश होणाऱ्यांचं कारण बहुधा हेच असतं. अर्धा तास उजेडाकडे, मोबाइलकडे बघू नका, आणि मंद वस्तूकडे थेट बघण्याऐवजी नजर तिच्या जरा बाजूला ठेवा. डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग मंद प्रकाश जास्त टिपतो. पाच मिनिटं एकाच वस्तूवर थांबलात, तर पाचव्या मिनिटाला दिसतं ते पहिल्या मिनिटाला दिसलेलं नसतं.

आता आपल्या किनाऱ्याचा खरा फायदा. आकाशाची बरीच मार्गदर्शक पुस्तकं चाळीस-पन्नास अंश अक्षांशांवरच्या वाचकांसाठी लिहिलेली आहेत. त्यांच्या क्षितिजाखाली राहणारं बरंच काही आपल्याला दिसतं. हिवाळ्यात व्याधाच्या दक्षिणेला अगस्ती वीस अंशांवर येतो. मे महिन्यात त्रिशंकू दक्षिण क्षितिजालगत उभा राहतो. आणि या सगळ्यांत वरचढ म्हणजे नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी, आपल्या आकाशगंगेतला सर्वांत मोठा गोलाकार तारकागुच्छ. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवर, एक कोटीच्या आसपास तारे. तो शोधायची रीत फार सोपी आहे. हस्त नक्षत्राच्या चौकोनाशेजारी चित्रा ओळखा. चित्रा बरोबर दक्षिणेला येईपर्यंत थांबा: एप्रिलच्या मध्यात रात्री साडेबाराच्या सुमारास, मेच्या मध्यात साडेदहाच्या. तिथून सरळ खाली छत्तीस अंश उतरा. हात लांब करून धरलेली मूठ दहा अंशांची, म्हणजे साडेतीन मुठींहून किंचित जास्त. पंचवीस अंशांच्या उंचीवर फाइंडरमध्ये एक धुरकट, मोठा ‘तारा’ दिसेल. आठ इंचीत ४८ पटीला तो दृश्याचा मोठा भाग व्यापतो, आणि नजर स्थिरावली की कडेपासून आतपर्यंत बारीक तारे सुटे होत जातात. मला आजही तो दिसला की पुढचं काही बघावंसं वाटत नाही. नळी तशीच साडेचार अंश वर उचलली की सेंटॉरस ए ही दीर्घिका येते, एक कोटी प्रकाशवर्षांहूनही दूर. अंधाऱ्या रात्री तिच्या मधून गेलेला काळा पट्टा आठ इंचीत जाणवतो. यासाठीच दक्षिणेकडची झाडं किती उंच आहेत ते विचारलं. जयगडच्या बाजूचा उजेड तुमच्याकडून दक्षिणेला किती चढतो, तेही एका अमावास्येला बघून ठेवा.

उरलेल्या पैशांतून ३० ते ३२ मिलिमीटरचा एक रुंद आयपीस घ्या. तुमची द्विनेत्री १०×५० असेल तर उत्तम, नसेल तर तीही. कृत्तिका आणि देवयानीची दीर्घिका सोबतच्या २५ मिलिमीटरच्या आयपीसच्या सुमारे एक अंशाच्या दृश्यात पूर्ण मावतच नाहीत, द्विनेत्रीत छान बसतात. स्टेलारियम हे सॉफ्टवेअर संगणकावर मोफत आहे. दहा-बारा आयपीसची पेटी, रंगीत फिल्टर यांवर सध्या काही खर्च करू नका.

नातवंडं सुट्टीला येतात असं लिहिलंय, म्हणून एक गोष्ट कडकपणे सांगतो. दिवसा दुर्बीण झाकण काढून खळ्यात ठेवायची नाही, एक मिनिटही नाही. आठ इंची आरशाने एकवटलेलं ऊन डोळा कायमचा जाळतं, आणि नुसती नळी सूर्याकडे वळली तरी आग लागू शकते. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या तोंडावर पूर्ण बसणारा खात्रीचा सोलर फिल्टरच हवा. आयपीसला लावायच्या छोट्या काळ्या काचा मिळाल्या तर फोडून टाका, त्या उष्णतेने अचानक तडकतात.

मागणी सप्टेंबरच्या शेवटी नोंदवा, म्हणजे ऑक्टोबरात खोका हातात येतो आणि कडा रंगवायला, जुळणी शिकायला पाऊस पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ मिळतो. त्याआधी दोन मापं घ्या: माजघरापासून खळ्यापर्यंतच्या सर्वांत अरुंद दाराची रुंदी, आणि गाडी असेल तर मागच्या सीटची लांबी. नळी जवळपास चार फुटांची असते. ही मापं आणि दक्षिणेकडच्या माडांचं अंतर कळवलंत, तर खळ्यात दुर्बीण नेमकी कुठे मांडायची तेही सांगता येईल.